रग्बीचा रब्बी चषक

मित्रांनो, मी एक जुना पितळी चषक आहे. माझी उंची हातभर असून माझ्या पोटावर 'रब्बी चषक' अशी ठसठशीत अक्षरे कोरलेली आहेत. ती वाचून आपण मला एखाद्या कृषी प्रदर्शनातील बक्षीस समजाल, तर त्यात आपला काहीही दोष नाही. वास्तविक मी रग्बी नावाच्या परदेशी खेळाचा चषक आहे. एका अक्षराने माझ्या जीवनास जे वळण लावले, ते आपणांस नम्रपणे निवेदन करावे, एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

माझा जन्म सन १९९३ साली नाशिकच्या भांडी बाजारात झाला. ज्या कारागिराने मला घडविले, त्याने हयातभर हंडे, घंगाळे व समया घडविल्या होत्या. चषक ही वस्तू त्याने फक्त वर्तमानपत्रातील छायाचित्रात पाहिलेली होती. ते छायाचित्र उलटेसुलटे करून पाहत तो म्हणाला, "हे तर समईवर घंगाळ ठेवलंय." मग त्याने तसेच केले. सबब माझे कमरेखालील अंग समईचे व वरील अंग घंगाळाचे आहे. दोन बाजूंस दोन कड्या आहेत. माझ्यात स्नानही करता येईल आणि दिवाही लावता येईल, अशी माझी शरीररचना आहे.

मला घडवून घेणारे सद्गृहस्थ म्हणजे भिमाजी किसन गायधनी. ते सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले होते व देवळाली कॅम्पच्या बाजारात त्यांचे सायकल दुरुस्तीचे दुकान होते. नोकरीत असताना त्यांना रग्बीचा नाद लागला होता. या खेळात त्यांचे नाक मोडून किंचित डावीकडे वळले होते आणि ते नाक ते एखाद्या पदकाप्रमाणे मिरवीत असत. आपल्या जिल्ह्यातही रग्बीचे क्लब असावेत, त्यांची दरवर्षी स्पर्धा व्हावी आणि विजेत्याने वर्षभर चषक सांभाळून पुढील चैत्रात परत आणून द्यावा, असे त्यांचे स्वप्न होते. देवळालीच्या तरुणांचा एक संघ त्यांनी उभा केला. ओझरच्या कारखान्यातील कामगारांचा दुसरा झाला. नाशिक शहरातून तिसरा येणार होता. उणीव होती ती केवळ चषकाची, म्हणजे माझी.

मी तयार झाल्यावर ते मला लहानूकाकांकडे घेऊन गेले. लहानूकाका भांड्यांवर नावे घालीत असत. लग्नात आहेर म्हणून द्यावयाचा हंडा असो वा पंचपात्र, त्यावर टाकीने खट्खट् अक्षरे उमटवून देणे हा त्यांचा व्यवसाय. परंतु चहूबाजूंनी अहोरात्र हातोड्यांचा आवाज ऐकून त्यांचे कान कामातून गेले होते.

"काय घालू?" लहानूकाकांनी विचारले.

"रग्बी चषक."

"आँ?"

"रग्बी! रग्बी!"

"ओरडता कशाला? रब्बी, रब्बी. ऐकू आलं मला. अन् खाली?"

"खाली माझं नाव घाला. भिमाजी किसन गायधनी."

रग्बी म्हणजे काय हे त्या बाजारात कोणासही ठाऊक नव्हते, रब्बी मात्र सर्वांस ठाऊक होते. लहानूकाकांनी 'रब्बी चषक' असे सुबक कोरले. त्याखाली नाव घातले. आणि हाताला जन्माची जी सवय जडली होती, तिला अनुसरून पुढे 'यांजकडून सप्रेम भेट' हेही घालून टाकले. मित्रांनो, माझ्या अंगावर अशा प्रकारे एक नव्हे, दोन चुका झाल्या. पहिलीने माझी थट्टा झाली. दुसरीने माझा घात झाला.

भिमाजींनी मला दुकानातील फळीवर ठेवले. ते मला दररोज पुसत असत, परंतु त्यांनी मला वाचले मात्र कधी नाही. मनात रग्बी असल्यामुळे त्यांना माझ्या पोटावरही रग्बीच दिसत असे.

एके दिवशी विंचूरचा समाधान दुकानात आला. तो विंचूरच्या कांदा मार्केटमध्ये हमालांच्या टोळीचा मुकादम होता. मान नाहीच, खांदे थेट कानांना भिडलेले, अशी त्याची अंगयष्टी होती. घरची थोडी शेती होती व त्याची आई लंकाबाई कांद्याचे बी, ज्याला आमच्याकडे उळे म्हणतात, ते तयार करून विकत असे. समाधानची दृष्टी माझ्यावर पडली. तेव्हा भिमाजी एका चाकात हवा भरीत होते.

"हवालदारसाहेब, ह्यो रब्बीचा कप कुणाला मिळनार?"

पंपाच्या फुसफुशीत भिमाजींना जे ऐकावयाचे होते तेच ऐकू आले. "जिंकेल त्याला. पंधरा जणांचा संघ आणा."

"पंधरा हायेत की. कधी आनायचे?"

"एप्रिलमध्ये."

"बरोबर हाय. उन्हाळ कांदा तवाच निघतो. वजनाचं काय?"

"वजन जितकं जास्त तितकं चांगलं. पुढच्या रांगेला तर वजनच लागतं."

"अन् आकार? गोल पायजे ना?"

"गोल? छे, छे! लांबट. दोन्हीकडून निमुळता."

समाधान विचारात पडला. "लांबट माल आमच्याकडं कुनी फुकट घेत नाय हो."

"आमच्याकडे तोच चालतो. गोल दिसला तर मी मैदानाबाहेर फेकून देईन."

अशा प्रकारे दोन सज्जनांमध्ये पूर्ण एकमत झाले.

स्पर्धेच्या दिवशी देवळालीच्या मैदानावर फक्कीने रेषा मारल्या होत्या व दोन्ही टोकांस बांबूंचे खांब रोवले होते. इतक्यात धूळ उडवीत एक ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत पंधरा हमाल, एक लंकाबाई आणि निवडून निवडून, फडक्याने पुसून आणलेला लांबट कांदा होता.

"कुठं वतू?" समाधानने विचारले.

भिमाजींनी कांद्याकडे पाहिले. मग समाधानने बोट दाखविल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मला प्रथमच वाचले. त्यांच्या वाकड्या नाकावर जी कळा आली, ती मी आजही विसरलो नाही.

"म्हंजी कांद्याचा काय संबंध नाय?" समाधान म्हणाला.

"काहीच नाही. हा खेळ आहे."

हमाल ट्रॉलीकडे वळले. परंतु लंकाबाई खाली उतरून पदर खोचून उभी राहिली. "समाधान्या, एक एक कांदा पुसून पुसून माझी बोटं गेली. एवढ्या लांब आलोय तर कप घेतल्याबिगर जायाचं नाय. काय खेळायचं आसंल ते खेळा."

योगायोगाने शहरातील संघ आलाच नव्हता. त्याच्या जागी विंचूर उभे राहिले. भिमाजी पंच होते. त्यांनी नियम समजावून सांगितले. लांबट चेंडू हातात घेऊन पुढे धावायचे आणि पलीकडच्या रेषेमागे तो जमिनीस टेकवायचा. मात्र साथीदाराला द्यावयाचा झाल्यास मागेच द्यायचा. पुढे दिला की शिट्टी. मध्येच दोन्ही संघांच्या धिप्पाड गड्यांनी खांद्याला खांदा लावून, वाकून एकमेकांस रेटायचे, ही गोष्ट हमालांना विनासायास समजली. "ट्रक फसला!" अशी आरोळी ठोकून त्यांनी ओझरच्या कामगारांना असे काही रेटले, की ते फक्कीची रेषा, बांबूचे खांब व चहाची गाडी ओलांडून गेले. चेंडू रेषेमागे टेकवण्याला त्यांनी 'थप्पी लावणे' असे नाव दिले. पोत्यांची थप्पी लावण्यात त्यांचा जन्म गेला होता.

अडचण झाली ती मागे देण्याची. समाधान चेंडू घेऊन धावू लागला की लंकाबाई रेषेवरून ओरडे, "आरं पुढं दे! पुढं आपला मानूस मोकळा हाय, दिसत नाय का!" आणि समाधान आज्ञाधारक पुत्र असल्यामुळे पुढे देई. भिमाजींची शिट्टी वाजे. त्या दिवशी शिट्टीला उसंत मिळाली नाही व विंचूरचा संघ हरला.

तथापि हमालांना खेळाची गोडी लागली. लांबट कांदा सर्व संघांनी भाकरीबरोबर फोडून खाल्ला. पुढील वर्षी ते पुन्हा आले, त्यापुढील वर्षीही आले, आणि सन १९९६ मध्ये ते जिंकले. त्या वर्षी साठवणीच्या चाळीत कांदा भरावयाचा असल्याने लंकाबाईला सामन्यास येता आले नव्हते. या दोन घटनांचा परस्परसंबंध सर्व खेळाडूंच्या ध्यानात आला होता, परंतु तो बोलून दाखविण्याचे धैर्य कोणातही नव्हते.

माझी विंचूरमध्ये मिरवणूक निघाली. ताशा होता, गुलाल होता. देवळालीत मला सायकलवाल्याचा गडू म्हणत. विंचूरमध्ये मात्र वेशीपासून लोकांनी माझी अक्षरे मोठ्याने वाचली. रब्बी चषक! गावात असा समज पसरला की लंकाबाईच्या कांद्याला अख्ख्या विभागात रब्बीचे पहिले बक्षीस मिळाले. दसऱ्याच्या सुमारास दूरदूरचे शेतकरी उळे घ्यायला तिच्या दारी येऊ लागले. मी ओटीवर असे. आलेला शेतकरी मला वाचून हात जोडी आणि म्हणे, "मावशी, कपाचंच बी द्या." लंकाबाई कधी खोटे बोलली नाही. कोणी विचारलेच नाही, हा भाग वेगळा.

चैत्र आला. ठरल्याप्रमाणे मला न्यावयास भिमाजी एसटीने आले. त्यांनी सोबत लाल फडके आणले होते. लंकाबाईने चहा दिला आणि मला पुढे ओढून माझ्या पोटावर बोट टेकवले.

"हवालदारभाऊ, मला वाचता येत नाय. हितं काय लिवलंय, तुमीच वाचा."

भिमाजींनी चष्मा लावला. "भिमाजी किसन गायधनी यांजकडून... सप्रेम भेट."

"तुमचंच नाव ना?"

"माझंच."

"दिल्याली भेट कुनी माघारी मागतं का?"

"बाई, ती कोरणाऱ्याची चूक आहे. हा खेळाचा चषक आहे. परत द्यायचा असतो."

"मंग खेळाचा कुठं लिवलाय?"

भिमाजी चष्मा काढून पुसू लागले. उत्तर माझ्यापाशी होते, परंतु मला जिभेऐवजी फक्त कड्या होत्या. समाधान दारात मान खाली घालून उभा होता. मान मुळात नसल्यामुळे ते कोणाच्या लक्षात आले नाही.

मित्रांनो, भिमाजी दरवर्षी चैत्रात येत राहिले. दरवर्षी तेच लाल फडके, तोच चहा आणि तेच वाचन. जाताना लंकाबाई त्यांच्या पिशवीत कांदे घालून देई. तिचा त्यांच्यावर राग नव्हता. परंतु मी गेलो तर ओटीवरची गिऱ्हाईके जातील, ही भीती तिला सोडत नव्हती. इकडे देवळालीचे खेळाडू म्हणू लागले, "कपच नाही तर जिंकून न्यायचं काय?" ओझरचे कामगार क्रिकेटकडे वळले. विंचूरने तर लाजेने तोंडच दाखविले नाही. बांबूचे खांब कोणीतरी मांडवाला नेले. स्पर्धा बंद पडली.

माझेही दिवस पालटले. ओटीवरून मी प्रथम दूरदर्शन संचावर गेलो. तदनंतर उळे मोजण्याचे माप झालो. एकदा भाचीच्या लग्नात नवरदेवाला माझ्यातून हळदीचे पाणी घातले, तेव्हा तो थंडीने कुडकुडला, त्याचा धक्का लागून मी खाली पडलो आणि माझी एक कडी वाकली. मला तारेच्या घासणीने घासीत. चिंच लावावी, हे कोणाच्या मनात येईना. मी काळा पडलो, तरी अक्षरे मात्र जशीच्या तशी राहिली. पितळेवरची चूक फार टिकते.

सन २००५ च्या चैत्रात भिमाजी आले, तेव्हा त्यांच्या हातात लाल फडके नव्हते. त्यांच्या काखेत जुना लांबट चेंडू होता. ते थकले होते, गुडघे धरून बसले.

"कप राहू द्या, बाई," ते म्हणाले. "तुमच्याकडेच असू द्या. समाधान, तू फक्त माणसं घेऊन ये. मी डोळे मिटायच्या आत एकदा तरी सामना झालेला बघायचाय. नाहीतर मी एवढी वर्षं काय केलं? पंक्चरच काढली."

लंकाबाई चहा ठेवायला उठली. त्या दिवशी चहात साखर घालायची राहून गेली.

सामना ठरला. विंचूरचे हमाल आता पोटाने वाढले होते. देवळालीच्या संघात निम्मे नवे होते. बांबू नवे आणले गेले. आणि मैदानावर ट्रॅक्टर आला, तेव्हा ट्रॉलीत लंकाबाई बसली होती व तिच्या मांडीवर पदराखाली मी होतो. "घरी चोरीमारी व्हती," एवढेच तिने सांगितले. मी नऊ वर्षांनंतर फक्कीचा वास घेतला आणि माझे घंगाळ भरून आले.

खेळ अटीतटीचा झाला. ट्रक अनेकदा फसला व अनेकदा निघाला. शेवटची घटका आली, तेव्हा दोन्ही संघांचे गुण समान होते. समाधान चेंडू छातीशी धरून धावला. त्याच्या पाठीवर देवळालीचे दोन गडी लोंबकळत होते. रेषा पाच पावलांवर होती. मागे त्याचा साथीदार मोकळा होता. तेवढ्यात लंकाबाई उभी राहिली.

"पुढं दे मेल्या! पुढं दे!"

समाधानने पुढे दिला.

शिट्टी वाजली. चेंडू देवळालीला मिळाला. त्यांचा एक काटकुळा गडी हमालांच्या गर्दीतून असा निसटला, की त्याने दुसऱ्या टोकाला नेऊन थप्पी लावली. विंचूर हरले.

लंकाबाई मला काखेत मारून तरातरा भिमाजींपाशी गेली. "शिट्टी का फुकली?"

"चेंडू पुढे दिला म्हणून."

"मंग काय मागं द्यायचा?"

"होय, मागंच द्यायचा. या खेळात मागं दिल्याशिवाय पुढं जाता येत नाही."

लंकाबाईचे डोळे बारीक झाले. "हवालदार, टोमना मारता का मला?"

"नाही हो बाई," भिमाजी गडबडले. "नियम सांगतोय. हवं तर कुणालाही विचारा."

"समाधान्या! खरंय का रं ह्ये?"

समाधान धुळीत बसून गुडघा चोळत होता. "आये, बारा वर्सं झाली, त्येच सांगायचं ऱ्हायलंय."

सर्वांची नजर माझ्यावर होती. जिंकलेले देवळालीचे खेळाडू पुढे येईनात, कारण मला मागावयाचे नाही असे भिमाजींनी त्यांना बजावले होते. लंकाबाई बराच वेळ माझी वाकडी कडी चोळीत राहिली.

"मागं मी देनार नाय," ती अखेर म्हणाली. "भेट कुनी मागं देत नाय. पन आहेरात आल्याला पीस आपन काय कपाटात ठिवतो का? दुसऱ्याच्या लग्नात देतोच की. माझ्या बहिनीनं दिल्याला पीस चार घरं फिरून माझ्याच वटीत आला व्हता. तसं समजा. देवळालीवाल्यांनी चांगली थप्पी लावली. त्यास्नी माझा आहेर."

ती ट्रॉलीकडे गेली. एका पिशवीतून तिने माझ्यात काठोकाठ काळेभोर उळे ओतले. "रिकामं भांडं कुनाला देऊ नये," ती म्हणाली आणि मला त्या काटकुळ्या गड्याच्या हातात ठेवले. त्याच्या घरी शेत नव्हते, तो गोंधळून उळ्याकडे पाहत राहिला. भिमाजींनी शिट्टी तोंडात धरली होती. ती वाजविण्याचे काहीही कारण नसताना ती आपोआप दोनदा वाजली, कारण त्यांना हुंदका आवरेना.

त्याच आठवड्यात भिमाजी मला लहानूकाकांकडे घेऊन गेले. लंकाबाईही सोबत आली. भिमाजींवर तिचा भरवसा नव्हता.

लहानूकाका आता अगदीच बहिरे झाले होते. त्यांच्या मुलाने पाटीवर लिहून त्यांना सर्व हकीकत समजावली. ते खजील होऊन म्हणाले, "यावर पितळेची पट्टी ठोकून वरून 'रग्बी' घालून देतो. कळणार पण नाही."

भिमाजींनी या घटकेची किती वर्षे वाट पाहिली होती, हे मला ठाऊक आहे. त्यांनी माझ्या पोटावरून अंगठा फिरविला. मग लंकाबाईकडे पाहिले. तिने नजर दुसरीकडे वळविली व पदराचे टोक दातांत धरले.

"राहू द्या," भिमाजी म्हणाले. "रग्बी म्हणून बोलावलेले शहरवाले आलेच नाहीत. रब्बी म्हणून बोलावलेले बारा वर्षांनीसुद्धा आले. फक्त खाली एक शब्द वाढवा."

म्हणून मित्रांनो, आज माझ्या पोटावर असे वाचावयास मिळते: 'रब्बी चषक. भिमाजी किसन गायधनी यांजकडून फिरती सप्रेम भेट.' 'फिरती' हा शब्द वरच्या बाजूस थोडा तिरका बसला आहे, कारण मध्ये जागा नव्हती.

तेव्हापासून मी फिरतो आहे. स्पर्धा पुन्हा दर चैत्रात भरते व क्रिकेटकडे वळलेले ओझरचे कामगारही परतले आहेत. देवळालीने मला ओझरला दिले तेव्हा फरसाण भरून दिले. ओझरने विंचूरला दिले तेव्हा माझी कडी यंत्रावर सरळ करून, आत पेढे भरून दिले. विंचूर मला नेहमी उळेच भरून देते आणि शेतकरी आता लंकाबाईकडे येऊन विचारतात, "मावशी, औंदा कप कुठं हाय?" ती अभिमानाने सांगते, "फिरतीवर हाय." बी पूर्वीइतकेच खपते. सामन्याला मात्र तिला आता रेषेपासून दूर, चहाच्या गाडीपाशी बसवितात.

मित्रांनो, आपणांस माझी हात जोडून, अर्थात कड्या जोडून, विनंती आहे. आपल्या घरीही कोणाचे काही आलेले असेल. डबा असेल, पातेले असेल, एखादा पीस असेल. त्यास तारेच्या घासणीने घासू नका, चिंच लावा. आणि ते फार दिवस ओटीवर ठेवून घेऊ नका. मागे द्यायला जीव होत नसेल तर पुढे द्या, परंतु मूठभर काहीतरी घालून द्या. माझ्या तळाशी, समईचा व घंगाळाचा जोड आहे तिथे, उळ्याचे काही दाणे कायमचे अडकलेले आहेत. मला जिंकून कोणी डोक्यावर उचलले, की ते आत खुळखुळतात, आणि रग्बीच्या मैदानावर रब्बीचा आवाज येतो.